समोरच्या खिडकीतला दिवा

प्रिय कायसा,

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचा राग अजून उतरला नसेल. पण फोनवर मला भांडता येत नाही. तू एकामागून एक मुद्दे मांडत जातेस आणि मी आपली "बरं, बरं" करत बसते, आणि मग जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला आहे. इथे तुला माझं बोलणं तोडता येणार नाही. कॉफीची किटली शेजारी आहे, बाहेर नाकातले केस गोठावेत अशी थंडी आहे, आणि तळघरातली भट्टी आत्ताच सुरू झाली. पायाशी जमिनीतल्या जाळीतून ऊब यायला लागली आहे. तेव्हा पहिली बातमी हीच, की भट्टी ठणठणीत आहे.

चर्चमधल्या डार्लीनने तुला जे कळवलं ते खरं आहे. जानेवारीभर आपल्या पुढच्या खिडकीतला लाल दिवा रोज पहाटे पेटलेला असायचा. डार्लीन चर्चमध्ये केक पोचवायला जाताना हळू गाडी चालवते, रस्ता निसरडा असतो म्हणून नव्हे, खिडक्या बघायच्या असतात म्हणून. आपलं काय ठरलं होतं तेही मी विसरलेले नाही. बाबांच्या दफनानंतर तू म्हणालीस, "आई, भट्टी एकदा जरी बंद पडली तर घर विकायचं आणि माझ्याकडे टक्सनला, उन्हात यायचं," आणि मी हो म्हटलं. त्या आठवड्यात मला कोणी चंद्रावर चल म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. आता तू मार्चमध्ये येते आहेस आणि घर विकून देणाऱ्या बाईला वेळही देऊन बसली आहेस. तेव्हा आधी सगळं ऐकून घे, मग काय ठरवायचं ते ठरव.

दिवा तूच लावून गेली होतीस, आठवतं ना? मी तेव्हाच म्हटलं होतं की हिवाळी दिवा रिकाम्या घरात लावतात. ज्यांची तळ्याकाठची घरं थंडीत बंद असतात ते तो खिडकीत ठेवून दक्षिणेकडे पळतात. घर गार पडलं की दिवा आपोआप पेटतो, शेजाऱ्याला कळतं की भट्टी विझली, आणि नळ गोठून फुटायच्या आत तो धावतो. आपलं घर काही रिकामं नव्हतं, मी होते ना त्यात. पण तू म्हणालीस, "तू फोन करत नाहीस, निदान दिवा तरी सांगेल." दिव्याची गोल कळ तू पंचेचाळीस अंश फॅरनहाइटवर, म्हणजे पाणी गोठायच्या जरा वर ठेवलीस आणि समोरच्या लुडविककाकांना बजावलंस की दिवा पेटलेला दिसला तर आधी आईकडे जा आणि मग मला फोन करा. त्यांनी पहिलं अगदी इमानेइतबारे केलं. दुसरं केलं नाही. का नाही, ते सांगायलाच बसले आहे.

त्यात पहिली चूक माझी. मला वाटलं, पंचेचाळीसपर्यंत घर उतरलं म्हणजे माझी खिडकीतली जांभळी फुलं मेलीच. लवकर कळलेलं काय वाईट? म्हणून मी ती कळ साठावर नेली आणि विसरून गेले. आणि तुझ्या बाबांचा नियम तुला पाठ आहे: निजायच्या आधी थर्मोस्टॅट पंचावन्नावर. "झोपेत कोणाला ऊब कळते? रजईला काम करू दे." बाबा गेले पण तो नियम गेला नाही, माझा हात आपोआप तिकडे जातो. झालं. रोज रात्री घर साठाच्या खाली उतरायचं, पहाटे दिवा पेटायचा, मी मागच्या खोलीत रजईत गुडूप. उठल्यावर मी थर्मोस्टॅट वर करायचे आणि न्याहारी होईपर्यंत घर तापून दिवा विझलेला असायचा. मला त्याचा पत्ताच नव्हता. एवढी काटकसर आणि एवढी काळजी एकाच डोक्यात असली की असं होतं.

पहिल्या सकाळी लुडविककाका दारात उभे, मिशांवर बर्फ, हातात हत्यारांची पेटी. "सायमा, भट्टी विझली का?" मी म्हटलं, "नाही, मी तर दंडापर्यंत बाह्या वर करून पीठ मळते आहे." ते आत आले, दिवा पाहिला, विझलेला. जाळीवर हात धरला, ऊब येते आहे. "कधी चालते, कधी थांबते," ते म्हणाले, "म्हणजे विजेत कुठेतरी खोट आहे. असली खोट सगळ्यात वाईट. मेलेलं जनावर सापडतं, लपलेलं नाही." आणि सरळ तळघरात उतरले. सगळा जन्म लोखंडाच्या खाणीत वीज सांभाळण्यात गेला त्यांचा. अशी खोट म्हणजे त्यांना मेजवानीच.

त्या दिवसापासून मी त्यांना बॅटरी धरून उभी राहायला लागले. तुझ्या बाबांनी मला भट्टीजवळ कधी येऊ दिलं नाही. माया होती त्यात, पण हट्टही होता. माझी लाल नेलपॉलिश मात्र न्यायचे. तुझ्या लग्नासाठी घेतलेली ती बाटली. कुठलाही नट पक्का केला की त्यावर लाल रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. अख्ख्या भट्टीला त्यांनी माझी नखं लावून ठेवली होती. लुडविककाकांनी ती रेघ पाहिली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वाइनो फार हट्टी होता, पण काम बघ त्याचं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बॅटरी हलली म्हणून मला ओरडा बसला.

कायसा, भट्टीच्या पोटात काय असतं ते मला या वयात कळलं. झाकण काढलं की भट्टी बंद पडते, कारण झाकणामागे एक कळ असते. ती बोटाने दाबून धरायची तेव्हाच उघड्या भट्टीची तपासणी होते. ते माझं काम होतं. बोट गार पडायचं, पण मी ते सोडलं नाही. मीटरच्या दोन सुया लावून ते बघायचे की छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पुरेशी वीज खाली येते का. तारांची टोकं एकेक करून ओढून पाहायचे, काळी पडलेली घासायचे. भट्टी फार तापली तर आग तोडणारी कळ असते, तिच्यासाठी त्यांनी मुद्दाम हवेची वाट झाकली आणि आग वेळेवर तुटते का ते पाहिलं. आणि ती छोटी ज्योत, जी सतत जळत असते, तिच्यात एक सळी बुडवलेली असते. सळी तापलेली आहे तोवर गॅस चालू. ज्योत विझली, सळी गार झाली, की गॅस आपोआप बंद. एवढीशी सळी, पण सगळं घर तिच्या भरवशावर झोपतं.

मला सगळ्यात आवडलं ते थर्मोस्टॅटमधलं काम. त्याच्या आत केसाएवढी एक पट्टी असते, ती अशी जुळवायची की खोली हवी तेवढी तापायच्या जरा आधीच आग बंद व्हावी. आपण लापशी घट्ट व्हायच्या आधी उतरवून झाकून ठेवतो, तसं. आग गेली तरी पंखा चालूच राहतो आणि भट्टीत उरलेली ऊब वर आणतो. पंख्याने किती गार झाल्यावर थांबायचं तेही जुळवता येतं. बाबांनी तो फार लवकर थांबवून ठेवला होता, वीज वाचवायला. लुडविककाकांनी तो थोडा पुढे नेला. "उरलेली ऊब धुराड्यातून फुकट घालवायची नसते," म्हणाले. त्या दिवसापासून घरात एकसारखं छान वाटतं. म्हणजे बघ, बिघाड नव्हता तरी भट्टी सुधारत होती.

काम झालं की कॉफी, आणि माझा वेलचीचा पाव. ते दर वेळी म्हणायचे, "तुम्ही फिनलंडवाले प्रत्येक गोष्टीत वेलची घालता, एक दिवस भट्टीतही घालाल." मी म्हणायचे, "आणि तुम्ही स्लोव्हेनियाचे लोक अक्रोडाशिवाय देवाचंसुद्धा नाव घेत नाही." एकदा ते पोटिका, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला त्यांचा गोड पाव, घेऊन आले. स्वतः लाटली होती, बिचारी मधोमध फाटलेली. अँटोनियाकाकू गेल्यापासून त्यांच्या घरात पोटिका झाली नव्हती. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला, तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले.

एका सकाळी पावाचं पीठ फुगायला ठेवायचं म्हणून मी लवकर उठले. पुढच्या खोलीत आले तर पडद्यामागून बाहेरचा बर्फ लाल दिसत होता. मी दिव्याकडे पाहिलं. त्याची कळ पाहिली, साठ. थर्मोस्टॅट पाहिला, पंचावन्न. आणि सगळा उलगडा झाला. त्या माणसाला मी एवढ्या थंडीत रोज रस्ता ओलांडायला लावत होते, कशासाठी, तर माझ्या मूर्खपणासाठी. कळ खाली करायला मी हात पुढे केला. तेवढ्यात त्यांचं फावडं पायऱ्यांवर वाजलं. आत यायच्या आधी ते पायऱ्यांवरचा बर्फ काढायचे. मी हात मागे घेतला. मला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगते: मला आनंद झाला होता, आणि तो आनंद मला खाली करायचा नव्हता. मी दार उघडलं आणि म्हटलं, "आज पुन्हा काहीतरी झालंय वाटतं." लाज वाटली, पण फार नाही.

आता फेब्रुवारीतल्या त्या थंडीच्या लाटेचं सांगते, जी तू टीव्हीवर पाहिलीस. त्या सकाळी माझी कॉफी तयार, दिवा पेटलेला, आणि रस्त्यावर कोणी नाही. मी थांबले. कॉफी गार झाली. खिडकीशी गेले. अशा थंडीत प्रत्येक घराच्या छपरातून वाफेचा पांढरा खांब सरळ वर जातो, तुला माहीत आहे. गल्लीतल्या सगळ्या घरांतून जात होता. एका घरातून नव्हता.

मी बाबांचे बूट घातले आणि गेले. दार उघडंच असतं. आत माझा श्वास दिसत होता. ते पलंगाच्या कडेवर बसलेले, एका पायात बूट, दुसरा हातात, अंगात सणसणून ताप. मला पाहून काय म्हणाले माहीत आहे? "दिवा पाहिला. येतच होतो." आदल्या दिवसापासून तापाने कुडकुडत होते, म्हणून घर गार पडलंय हे त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, थंडी आपल्याच अंगात आहे. सगळ्या गल्लीचे दिवे बघणारा माणूस, आणि त्याच्या खिडकीत दिवा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना. आणि मी रागाने रडायला लागले. "लुडविक, गाढवा, दुसऱ्याची भट्टी रोज उघडतोस, स्वतःची कोण बघणार?" तो म्हणाला, "ओरडू नकोस, डोकं दुखतंय." इथून पुढे मी नुसतं लुडविक लिहिणार आहे, कायसा. काका म्हणायला आता हात वळत नाही. चालवून घे.

त्याला दोन रजयांत गुंडाळलं आणि भट्टीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दुपारनंतर, आज सगळा गाव गारठलाय. दुपारपर्यंत त्या घराचे नळ फुटले असते आणि त्या माणसाचं काय झालं असतं, देव जाणे. मी बॅटरी घेतली आणि तळघरात उतरले. वरून तो ओरडत होता, "सायमा, हात लावू नकोस." मी म्हटलं, "झोप तू." झाकण काढलं. ज्योत विझलेली. आधी जमिनीशी वाकून वास घेतला, गॅस साचलेला नव्हता. तरी गॅसची कळ बंद करून थांबले, त्याने शिकवलं होतं तसं, अगदी पाय बधिर होईपर्यंत. तेवढ्या वेळात उजेड इकडेतिकडे फिरवला, आणि सळीच्या नटावर मला अर्धी लाल रेघ दिसली.

माझी नेलपॉलिश. लुडविकच्या भट्टीत.

मग मला समजलं. आपल्या भट्टीतली सळी जुनी झाली होती, आज ना उद्या आपली भट्टी भर थंडीत विझली असती. मी चर्चला गेले असताना कधीतरी त्याने स्वतःची चांगली सळी काढून माझ्या भट्टीत बसवली होती, आणि वाइनोची जुनी, रेघ ओढलेल्या नटासकट, स्वतःकडे नेली होती. एक शब्द बोलला नव्हता. मी तिथे तळघरात पायरीवर बसले, आणि मला तुझे बाबा आठवले, आणि हा वर कण्हत पडलेला माणूसही, दोघं एकदमच. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पण रडत बसायला वेळ नव्हता. त्याच्या स्वयंपाकघरातून तारेची घासणी आणली, सळीचं काळं पडलेलं टोक घासलं, नट किंचित आवळला. गॅसची कळ दाबून धरून ज्योत पेटवली, सळीचं टोक बरोबर ज्योतीत आलं आहे ना ते पाहिलं, आणि कळ दाबून धरली, धरली, सोडली. ज्योत विझली. पुन्हा थांबले, पुन्हा पेटवली, या वेळी अंगठा दुखेपर्यंत दाबून ठेवली. सोडली. राहिली. मग झाकण लावून वर थर्मोस्टॅट फिरवला आणि खालून तो आवाज आला, ज्याच्यासाठी आपण इथे सगळे जगतो, आगीचा तो दबका हुंकार. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला. पलंगावरून लुडविक म्हणाला, "पंखा जरा उशिरा लागतो. जुळवावा लागेल." तापातही.

दुपारी भट्टीवाला नवी सळी घेऊन आला. माझं काम पाहून म्हणाला, "कोणी केलं हे?" लुडविकने माझ्याकडे बोट दाखवलं आणि छाती अशी फुगवली जणू सळी त्यानेच घासली. तो माणूस येईपर्यंत त्या जुन्या सळीनं दम धरला, एवढं तिचं पुरे. ते घर तापायला संध्याकाळ झाली, म्हणून मी लुडविकला इकडे आणलं आणि बाबांच्या खुर्चीत बसवलं. सूप पाजता पाजता विचारलं, "सळी का बदललीस?" म्हणाला, "रविवार होता, दुकान बंद." "आणि सोमवारी?" "सोमवारी विसरलो." "आणि त्याच्या पुढच्या सोमवारी?" "त्या सोमवारी तुझा दिवा पेटलेला होता, मला इकडे यायचं होतं." मग मी विचारलं, "दिव्याची कळ साठावर आहे हे तुला कधी कळलं?" त्याने चमचा खाली ठेवला. "दुसऱ्याच दिवशी. पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण तू पाव दिलास." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तू का नाही बोललीस?" कायसा, मी खरं ते सांगितलं. मला सकाळी कोणीतरी यायला हवं होतं, आणि कोणीतरी म्हणजे तूच, असं म्हटलं. तो रडला. ताप होता, म्हणतो.

म्हणून त्याने तुला फोन केला नव्हता. भट्टी एकदाही विझली नव्हती, मग काय सांगणार? "तुझी आई मुद्दाम दिवा पेटता ठेवते आणि मी मुद्दाम येतो" हे टक्सनला फोनवर कसं सांगायचं, हे त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं, म्हणून परवा मी फोन ठेवून दिला.

बाबांना मी विसरले असं मनात आणू नकोस. सळीवरची सोडली तर त्यांच्या रेघा आपल्या भट्टीवर तशाच आहेत, एकही तुटलेली नाही, आणि लुडविक त्या पुसू देत नाही. शनिवारी सौना, आपली ती वाफेची न्हाणी, तापवतो तेव्हा तो पहिलं पाणी दगडांवर वाइनोच्या नावाने टाकतो आणि अँटोनियाच्याही. आम्हा दोघांनाही माहीत आहे, कोण कोणाच्या जागेवर बसलेलं नाही.

हे पत्र लिहायचं कारण असं. लुडविक ताप उतरल्यावर घरी गेला नाही. जूनमध्ये, तळ्यावरचा बर्फ गेला की, आम्ही पाद्रीबाबांसमोर उभे राहणार आहोत, आणि नंतर चर्चच्या तळघरात कॉफी. हे तुला डार्लीनच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढंच मला हवं होतं. त्या घर विकणाऱ्या बाईला नाही म्हणून सांग. मार्चमध्ये तू येशील तेव्हा आपल्या खिडकीत दिवा दिसणार नाही, घाबरू नकोस. तो आम्ही रस्त्यापलीकडे लुडविकच्या खिडकीत ठेवला आहे, तू म्हणाली होतीस तसाच पंचेचाळीसवर, कारण रिकामं घर आता ते आहे. रोज सकाळी कॉफी पिताना आम्ही दोघं तिकडे बघतो. येताना माझ्यासाठी लाल नेलपॉलिश आण, जुनी बाटली सुकली आहे. लुडविकला नव्या सळीच्या नटावर रेघ ओढायची आहे, आणि उरलेली मी माझ्या नखांना लावीन म्हणते.

जिच्यासाठी तू उगाच घाबरतेस ती, तुझीच,
आई